सहा महिने पूर्ण, पण बाळ अजून बसत नाही: फोटो कधी काढायचे?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करते. मुलीला येत्या आठवड्यात ६ महिने पूर्ण होतायत. तिचा जन्म ३६व्या आठवड्यातला. स्टुडिओत सहा महिन्यांचं शूट ठरवलंय, आगाऊ पैसे भरलेत, तीन तासांत चार थीम करणार आहेत. ती अजून आधाराशिवाय बसत नाही, बसवलं की पुढे कलंडते. सासूबाईंना त्याच दिवशी उष्टावण उरकून घ्यायचंय. मिस्टर म्हणतात की फोनचा कॅमेरा चांगला आहे, पैसे कशाला घालवायचे. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय, तारीख पुढे ढकलली तर हा टप्पा कायमचा निसटेल का?

मी नाशिकला लहान बाळांचे फोटो काढते, बरीच वर्षं हेच काम करतेय. तुमचा शेवटचा प्रश्नच खरा आहे, बाकीचे त्याच्या उत्तरातून सुटतील. तर नाही, टप्पा निसटणार नाही, कारण तुमच्या मुलीचा तो टप्पा अजून आलेलाच नाही.

सहा महिन्यांचं शूट या नावामुळे घोळ होतो. आम्हा फोटोग्राफर मंडळींना त्या वयात हवं असतं ते बाळाचं बसणं. बसलेलं बाळ आपल्याकडे सरळ बघतं, दोन्ही हात मोकळे असतात, हसतं, वस्तू उचलून निरखतं आणि अजून रांगत नसल्यामुळे जागेवर राहतं. अनोळखी माणसाला बघून रडण्याचा काळही बहुतेकांचा नुकता सुरू होत असतो किंवा व्हायचा असतो. बरीच बाळं सहाव्या-सातव्या महिन्याच्या आसपास या अवस्थेत येतात, म्हणून सहाचा आकडा अंदाज म्हणून आला. पुढे तेच पॅकेजचं नाव झालं. स्टुडिओलाही आगाऊ तारखा भरायला आकडा सोयीचा पडतो, त्यात त्यांचं काही वाईट नाही. पण पॅकेजच्या नावासाठी बाळाला घाई करायची नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली अशा टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा कालावधी त्यात ३.८ ते ९.२ महिने असा आहे. म्हणजे पावणेचार महिन्यांना बसणारं बाळही ठीक आणि सव्वानऊला बसणारंही ठीक. बसणं कशाला म्हणायचं हेही त्यांनी ठरवलं होतं: मान वर, पाठ सरळ, हातांचा टेकू न घेता किमान १० सेकंद. तुमच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. ३६व्या आठवड्यात जन्म म्हणजे ४० आठवड्यांच्या मापाने चार आठवडे आधी. बालरोगतज्ज्ञ अशा बाळांची वाढ बघताना साधारण दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरतात. तसं धरलं तर तुमची मुलगी आत्ता पाच महिन्यांची आहे, आणि पाच महिन्यांचं बाळ बसत नाही म्हणून कुणी चिंता करत नाही. वाढीबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारायची. फोटोग्राफरने, शेजारणीने किंवा इथल्या कुणीही त्यावर मत देऊ नये, मीही देत नाही.

आता, बसत नसलेल्या बाळाला बसवून फोटो काढले तर काय होतं ते सांगते, कारण बाहेरून हे कळत नाही. पाठीचा धनुष्यासारखा बाक होतो, हनुवटी छातीवर टेकते, दोन्ही हात जमिनीवर रोवलेले राहतात आणि नजर खाली सतरंजीवर. बाळाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, हसायला काही उरत नाही. एकदा कलंडलं की दचकतं, दुसऱ्यांदा कलंडलं की रडतं, आणि मग आई-बाबांचे चेहरे पडतात. यावर स्टुडिओतले उपाय म्हणजे मागून कापडाखाली हात धरायचा आणि नंतर तो हात संगणकावर पुसायचा, किंवा बाळाला टोपलीत, बादलीत, छोट्या टबात खोचून बसवायचं. हात धरण्यात चूक काही नाही, मीही धरते. टोपलीचं मात्र फार जपायला हवं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते काठावरून पुढे वाकलं की टोपली त्याच्यासकट उलटते. तळाशी वाळूची किंवा तांदळाची पिशवी घालून वजन दिलेलं नसेल तर मी बाळाला टोपलीत बसवतच नाही. आणि टोपली असो की काहीही, ते जमिनीवरच हवं. स्टूल नको, टेबल नको, झोपाळा नको.

आई फोनवर तारीख विचारते तेव्हा मी महिने विचारण्याआधी एक करून बघायला सांगते. बाळाला सतरंजीवर बसवा, समोर हातभर अंतरावर आवडतं खेळणं ठेवा. ते उचलायला बाळाने दोन्ही हात पुढे केले आणि तरी ते बसून राहिलं, तर आठवड्याभरात या. एक हात टेकलेला राहत असेल तर अजून पंधरा दिवस थांबा. दोन्ही हात टेकलेले असतील किंवा लगेच कलंडत असेल, तर बसण्याचं शूट आत्ता नको. दोन्ही हात सुटल्यापासून रांगायला लागेपर्यंत काही आठवडे मिळतात, तेवढाच काळ बसण्याच्या फोटोंचा. काही बाळं त्यातही घाईने पुढे सरकायला लागतात, काही महिनाभर मजेत बसून राहतात. हे आधी सांगता येत नाही, म्हणून पक्की तारीख धरून ठेवण्यापेक्षा बाळावर लक्ष ठेवलेलं बरं.

मग आत्ता काहीच काढायचं नाही का? काढायचं, आणि भरपूर काढायचं. आत्ता ती जे करतेय ते नंतर करणार नाही. उताणी पडून स्वतःचे पाय हातात धरते का? अंगठा तोंडापर्यंत नेते का? वटपत्रावरच्या बाळकृष्णाचं चित्र आठवा. तो बसलेला नाही, रांगतही नाही, पानावर उताणा पडून पायाचा अंगठा चोखतोय. ज्या कुणी ते पहिल्यांदा रंगवलं त्याने या वयाचं बाळ नीट बघितलेलं होतं. बाळ हालचाल करायला लागलं की उताणं पडून राहतच नाही, आणि हा पाय तोंडात घालण्याचा प्रकार कधी थांबला हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. बसण्याचे फोटो सगळ्यांकडे असतात, हे फारच थोड्यांकडे असतात. म्हणून माझ्या मते तुमच्या मुलीचं आत्ताचं शूट हेच असायला हवं.

यात मी काय-काय घेते ते सांगते. उताणं बाळ वरून. इथे कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच, आणि बाळावर ओणवं होऊन लेन्स बदलायची नाही. फोनने काढत असाल तर तो दोन्ही हातांत घट्ट धरा, कारण फोन बाळाच्या तोंडावर पडणं हा घराघरांत होणारा अपघात आहे. मग पालथं बाळ, कोपरांवर रेललेलं, मान वर काढून बघणारं. त्यासाठी आपण जमिनीवर पोटावर झोपायचं, कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत नुसतं टाळू आणि पाठ दिसते. पालथं राहण्याचा कंटाळा लवकर येतो, मान खाली गेली की लगेच उचलून घ्यायचं. मग बाबांच्या हातावर पालथं टाकलेलं बाळ, आईच्या खांद्यावर मान टाकलेलं बाळ. आणि माझा सगळ्यात आवडता फोटो: आजी पाय लांब करून बसलीय आणि तिच्या पायांवर बाळ आडवं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालतात, तेल चोळतात, झोपवतात ते त्याच पायांवर. सासूबाईंना शूटमध्ये जागा हवी असेल तर ती ही. थोडे जवळून घ्यायचे: बोळकं, हाताच्या मुठी, मानेवरच्या वळ्या, मागून दिसणारं जावळ. जावळ काढायचं ठरलं असेल तर ते फोटोनंतर काढा. केस पुन्हा तसे मऊ येत नाहीत.

चार थीमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चार फार होतात. या वयाचं बाळ एका झोपेतून उठल्यावर साधारण दोन तास जागं राहतं. त्यात दूध पिणं, ढेकर, शी-शू, कपडे बदलणं आलं. खुशीत कॅमेऱ्यासमोर राहण्याचा वेळ अर्धा ते पाऊण तास मिळतो, कधी तेवढाही नाही. दर थीमला कपडे उतरवणं आणि चढवणं हेच बाळाला सगळ्यात जास्त चिडवतं. दोन पुरेत, त्यातला एक घरचाच साधा कपडा: आजीच्या जुन्या मऊ साडीचं झबलं, कुंची किंवा नुसता लंगोट आणि करदोटा. स्टुडिओ म्हणेल चारचं पॅकेज आहे. मग दोन आत्ता आणि दोन बसायला लागल्यावर, असं मागा. बरेच जण कबूल होतात, कारण त्यांनाही रडणाऱ्या बाळाचे फोटो नको असतात.

थीममध्ये काय वापरणार हे आधी विचारून घ्या, आणि इथे संकोच करू नका. या वयात हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. सुटे मणी, मोती, थर्माकोलचे गोळे, चमकी, फुलांच्या पाकळ्या, फुग्याचे तुकडे काहीही जवळ नको. सगळ्यात घातक म्हणजे त्या नाजूक दिव्यांच्या माळा, ज्यांच्या डबीत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. धूर सोडणारं यंत्र नको. दुधाच्या पाण्यातल्या अंघोळीची थीम दिसायला छान दिसते, पण न बसणाऱ्या बाळासाठी ती नकोच. चार बोटं पाण्यातही बाळाचं नाक-तोंड बुडतं. चांदीचे वाळे, मनगट्या हौसेने घाला, फक्त घुंगरू आणि पेच घट्ट आहेत का ते आधी ओढून बघा, आणि फोटो झाले की काढून ठेवा. डोक्याचा पट्टा कपाळावर वळ उठवत असेल तर तो घट्ट आहे. डोळ्यांत काजळ घालू नका, डॉक्टरही नको म्हणतात आणि फोटोतही ते पसरून काळवंडलेलं दिसतं. गालावरची तीट मात्र खुशाल असू द्या. मी ती कधी पुसायला लावत नाही, नंतर संगणकावरही काढत नाही. ती कुणीतरी मायेने लावलेली असते.

स्टुडिओतल्या टोप्या, गालिचे, दुपटी एका बाळानंतर धुतात का, हेही विचारा. खरं तर घरची गोधडी आणि स्वच्छ दुपटं सोबत नेणं सर्वांत उत्तम. गोधडीचे टाके आणि रंग फोटोत जितके सुंदर दिसतात तितका विकतचा कुठलाच गालिचा दिसत नाही. शूटच्या वेळी एक मोठं माणूस बाळापासून हाताच्या अंतरावर सतत हवं आणि त्याच्या हातात फोन नको. खोलीत एसी-पंखा बंद, बाळाचे कपडे काढणार असाल तर खोली उबदार. आपल्याला किंचित घाम आला तर बाळाला ठीक आहे असं समजा. ६ महिन्यांच्या सुमाराला फ्लूची लस देणार असतील तर लस आणि शूट यांत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, ताप आलेलं बाळ घेऊन कुणी फोटो काढू नये.

वेळ कुठली? आपल्याकडच्या बहुतेक घरांत सकाळी तेल, अंघोळ, शेक आणि त्यानंतरची ती लांब झोप असते. ती झोप मोडून कधीही शूटला नेऊ नका. झोप पूर्ण होऊ द्या, उठल्यावर दूध, ढेकर, आणि मग फोटो. बहुतेकांचं हे अकरा-साडेअकराच्या सुमाराला जुळतं. तुमच्या मुलीची वेळ वेगळी असेल तर तिचीच वेळ धरा. स्टुडिओने दुपारी तीनची वेळ दिली आणि ती तिची झोपायची वेळ असेल, तर महागातला महाग कॅमेराही काही करू शकत नाही.

उष्टावणाबद्दल. ते त्याच दिवशी नका करू. सासूबाईंचं म्हणणं चुकीचं आहे असं नाही. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात म्हणून सातवा महिना लागला की करायचं, ही रीत आहे, आणि वरचं अन्न ६ महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावं असं डॉक्टरही सांगतात. तुमचं बाळ लवकर जन्मलेलं आहे, त्यामुळे घास देण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा, बसण्याची आणि मान धरण्याची तयारी ते बघतील. पण उष्टावणाच्या दिवशी घरात पाहुणे, गोंगाट, हातोहाती फिरणारं बाळ, नवी चव, मोडलेली झोप. त्यावर तीन तासांचं शूट चढवणं हे तिच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. उष्टावणाचे फोटो घरीच काढा, जे घडतंय तेच काढा. पाट अशा जागी मांडा की खिडकीचा उजेड बाळाच्या तोंडावर येईल. बाळ आईच्या मांडीवर टेकलेलं, घास भरवणारा मामा किंवा आजोबा समोर न बसता बाजूला, म्हणजे बाळाचा चेहरा झाकला जात नाही. पहिल्या घासाला होणारं तोंड एकदाच मिळतं, ते एका माणसाने काढायचं ठरवा आणि बाकीच्यांनी फोन खाली ठेवा. आणि एक, जे सासूबाईंना डॉक्टरांचं नाव घेऊन सांगा: सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची पद्धत असेल तर मध वगळा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार, होण्याचा धोका असतो, अगदी बोटभर मधही नको. अंगठी नुसत्या खिरीत बुडवली तर रीतही होते.

असंच बोरन्हाणाचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात हा प्रश्न मला हमखास येतो. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून फोटो काढा, फार गोड दिसतात. पण डोक्यावरून घालायला बोरं आणि गोळ्यांऐवजी चुरमुरे घ्या, तेही थोडेच, आणि लगेच सगळं झाडून घ्या. हलव्याचा एकेक दाणाही घशात अडकू शकतो.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. ते बऱ्याच अंशी बरोबर आहेत. आत्ताचे उताणे-पालथे फोटो तुम्ही घरी फोनवर उत्तम काढू शकाल, फक्त उजेडाकडे लक्ष द्या. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, एकाच मोठ्या खिडकीचा उजेड घ्या. ऊन थेट येत असेल तर पांढरी सुती साडी किंवा धोतर पडद्यासारखं लावा. बाळाला आडवं ठेवताना डोकं खिडकीकडे किंवा खिडकी एका बाजूला. पाय खिडकीकडे केले तर उजेड हनुवटीखालून येतो आणि नाकाच्या सावल्या वर चढतात, चेहरा भीतिदायक दिसतो. नव्वद टक्के घरगुती फोटो इथेच बिघडतात असं मला वाटतं. भिंती गडद हिरव्या किंवा गुलाबी असतील तर त्यांचा रंग बाळाच्या गालांवर उतरतो, बाजूला पांढरी चादर टांगा. फोनची लेन्स आधी पुसा, बाळाच्या घरात तिच्यावर मालिशच्या तेलाची बोटं असतातच. अगदी जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम वापरा. पार्श्वभूमी धूसर करणारा मोड जावळ खाऊन टाकतो, तो बंद ठेवा. कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका, हातपाय सतत हलत असतात. पावसाळ्यात ढगाळ उजेड मऊ असतो पण कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

पण मिस्टरांना एक विचारा: घरातल्या फोनमध्ये तुमचे आणि मुलीचे एकत्र फोटो किती आहेत? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत बाळाचे हजारो फोटो असतात आणि आई जवळजवळ नसते, कारण काढणारी तीच असते. असलीच तर सेल्फीत, हात लांब करून. त्या वयातली आई, थकलेली पण बाळाकडे बघून हसणारी, हा फोटो बाहेरचं कुणीतरी काढल्याशिवाय होत नाही. पैसे खर्च करायचे तर त्यासाठी करा. शूटला जाताना स्वतःचाही एक आवडता कपडा न्या आणि वजन वाढलंय म्हणून बाजूला उभ्या राहू नका. मुलीला मोठेपणी त्या फोटोत आधी तुम्ही हव्या असाल. बाबांनाही घ्या, आजीलाही घ्या.

तर तुमच्यापुरतं सांगायचं म्हणजे: या आठवड्यातलं शूट रद्द करू नका, पुढे ढकला किंवा दोन भागांत करून घ्या. आडवे आणि कडेवरचे फोटो आत्ता, बसण्याचे दोन्ही हात सुटल्यावर. उष्टावण वेगळ्या दिवशी, घरी. स्टुडिओला पैसे परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मागितलीत तर बोलणं सोपं जातं. "बाळ लवकर जन्मलेलं आहे, अजून बसत नाही, आपण पहिला भाग आत्ता आणि दुसरा भाग ती बसायला लागल्यावर करू या" एवढं व्हॉट्सअॅपवर लिहा, म्हणजे नोंद राहते. ठरल्या तारखेलाच आणा, आम्ही बसवतो, असं उत्तर आलं तर मात्र मी आगाऊ रकमेवर पाणी सोडेन आणि दुसरा फोटोग्राफर बघेन.

त्याच निरोपात आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, फोटो पूर्ण आकारात पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने मिळतील का. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. ८ बाय १२ इंचांची चांगली छपाई करायची तर साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. मिळाल्यावर तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी, म्हणजे आजोळी वगैरे. दोन, फोटोंचा हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नाही, तर पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत नेमका वेगळा करार असू शकतो, म्हणून तो वाचून सही करा. स्टुडिओला मुलीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर ती परवानगी वेगळी घ्यावी लागेल असं सांगा. होकार द्यायचा की नाही हा पूर्ण तुमचा निर्णय, त्यासाठी कुणी सवलत देऊ केली तरी. दिलात तर कोणते फोटो ते तुम्ही निवडा. कपडे नसलेले, अंघोळीचे फोटो नाहीत, आणि पूर्ण नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचं नाव सोबत नाही. मी स्वतः लेखी होकाराशिवाय एकही चेहरा बाहेर टाकत नाही. तुमचा स्टुडिओ चांगला असेल तर त्यांना या मागणीचं आश्चर्य वाटणार नाही.